एव्हरेस्ट बेस कॅम्पचे मुक्काम कसे आखावेत

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं ठरलं की पहिली चौकशी होते बुटांची, मग जॅकेटची, मग विमानाच्या तिकिटाची. कोणत्या रात्री कुठल्या गावात झोपायचं आहे, हे बरेच जण पैसे भरून झाल्यावर बघतात. मुक्कामांचा तो कागद सगळ्यात आधी हातात घ्या. या वाटेवरून अर्ध्यातून परतणाऱ्यांचे पाय बहुतेक वेळा शाबूत असतात. डोकं ठणकत असतं, अन्न जात नसतं, रात्रभर उलट्या झालेल्या असतात.

सह्याद्रीत तयार झालेल्या ट्रेकरला हे पटायला वेळ लागतो. आपलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. या ट्रेकचा पहिला मुक्काम फाकडिंग, तोच २,६१० मीटरवर. विरळ हवा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुठल्याच गडावर कळत नाही, म्हणून दमसास म्हटलं की आपण मांड्या आणि छातीचा भाता एवढाच विचार करतो. बेस कॅम्पला ५,३६४ मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, म्हणजे एका श्वासात प्राणवायूही निम्माच येतो. शरीर याची सवय करून घेतं, पण दिवस घेऊन: आधी श्वास जलद होतो, त्यामुळे बिघडलेला रक्तातल्या आम्लाचा तोल मूत्रपिंडं हळूहळू सावरतात, आणि तांबड्या पेशी वाढायला त्याहून जास्त वेळ लागतो. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्याचे हे दिवस कमी होत नाहीत. उलट तगडा गडी भराभर चढतो आणि त्रास सुरू होईपर्यंत बराच वर पोचलेला असतो.

यावरचा नियम जुना आणि साधा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच गावात काढावी. दिवसा वर चढून आलात तरी चालतं, किंबहुना चांगलंच. झोपायला मात्र खाली.

आता नेहमीचा आराखडा या नियमावर घासून बघू. लुक्ला २,८४५ मीटरवर, तिथे विमानातून उतरून तीन-एक तासांत फाकडिंगला पोचता, म्हणजे पहिल्या दिवशी उलट खाली उतरता. दुसऱ्या दिवशी नामचे बाजार, ३,४४० मीटर. इथे एका दमात ८३० मीटरची वाढ होते, नियम सरळ मोडतो. म्हणूनच नामचेला दोन रात्री लागतात. तिसऱ्या दिवशी स्यांगबोचेच्या वरच्या अंगाला एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत, ३,८८० मीटर, चढून परत नामचेला झोपायचं. चौथी रात्र तेंगबोचे ३,८६०, पाचवी दिंगबोचे ४,४१०. सहावीही दिंगबोचेलाच, दिवसा मागच्या नांगकारत्शांगच्या धारेवर जमेल तितकं चढायचं, पाच हजारांच्या आसपास गेलात तर उत्तम, आणि जेवायला खाली. सातवी लोबुचे ४,९४०, आठवी गोरक्षेप ५,१६४. आठव्याच दिवशी दुपारी गोरक्षेपहून बेस कॅम्पला जाऊन परत. नवव्या दिवशी पहाटे काला पत्थर, म्हणजे गोरक्षेपवरचं एव्हरेस्ट दिसणारं टेकाड, आणि तिथून थेट फेरिचे, सुमारे ४,३०० मीटर. दहावी रात्र नामचे, अकरावी लुक्ला, बाराव्या दिवशी विमान.

या आराखड्यात सुद्धा दिंगबोचे आणि लोबुचे या दोन्ही टप्प्यांवर ५०० ची मर्यादा थोडी ओलांडली जाते. बहुतेकांचं निभावतं. पण घरातली पन्नाशी-साठीची माणसं बरोबर असतील किंवा कुणाला आधी उंचीचा त्रास झालेला असेल, तर दोन बदल करून घ्या. पहिली रात्र फाकडिंगऐवजी मोंजोला, २,८३५ मीटरवर काढा. नामचेचा दिवस निम्मा होतो आणि वाढ ६०० वर येते. दुसरा बदल दिंगबोचे आणि लोबुचेच्या मध्ये थुक्लाला, ४,६२० मीटरवर एक रात्र. थुक्लाची लॉज साधी आहेत, पण लोबुचेची झोप त्यामुळे पुष्कळच सुधारते.

स्वस्तातल्या पॅकेजमध्ये बारा दिवसांचे नऊ कसे होतात, तेही बघून ठेवा. चालायचे टप्पे कापता येत नाहीत, त्यामुळे कात्री लागते ती नामचे किंवा दिंगबोचेच्या 'मोकळ्या' दिवसाला. कागदावर तो दिवस वाया गेल्यासारखा दिसतो ना! आयोजकाला एकच प्रश्न विचारा: दिंगबोचेला किती रात्री? उत्तर 'एक' आलं तर दुसरा आयोजक शोधा.

चढायचा वेग

हिलरी पुलापासून नामचेपर्यंतची चढण साधारण ६०० मीटरची. पुणेकरांना कळेल अशा भाषेत सांगायचं तर अतकरवाडीतून सिंहगड चढण्याएवढी. सिंहगडावर तासाभरात जाणारे पुष्कळ आहेत. इथे तेवढ्याच चढणीला अडीच ते तीन तास द्या. नेपाळी वाटाडे सारखे 'बिस्तारै, बिस्तारै' म्हणत असतात, म्हणजे सावकाश. त्याचं माप असं: नाकाने श्वास घेत चालता आलं पाहिजे आणि शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्ये तुटायला लागलं की वेग जास्त आहे. चार हजारांच्या वर पाऊल इतकं लहान होतं की मागची टाच पुढच्या बुटाच्या जेमतेम पुढे पडते. एक पाऊल श्वास आत, एक पाऊल बाहेर. या लयीत तासभर न थांबता चालता येतं. वीस पावलं झपाझप आणि मग काठीवर वाकून धापा, या पद्धतीने तोच चढ दुप्पट महाग पडतो.

वाटेवर जनावरांचे तांडे सतत येतात. खाली खेचरं आणि जोप्क्यो (याक-गाईच्या संकराचे बैल), वरच्या पट्ट्यात याक. डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभे राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. पाठीवरच्या सिलिंडरचा किंवा पोत्याचा नुसता धक्का पुरतो. झुलत्या पुलावर समोरून तांडा शिरलेला दिसला तर अलीकडेच थांबा, मध्यात ओलांडायला जागा नसते. मणी भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या) आणि स्तूप मात्र देवळात प्रदक्षिणा घालतो तसे उजव्या हाताला ठेवून जायचे.

त्रास ओळखायचा कसा

उंचीवर डोकं दुखलं, त्यात मळमळ, थकवा किंवा चक्कर यांपैकी काही असलं, तर तो उंचीचाच त्रास समजून चाला. पित्त झालं, ऊन लागलं, काल दाल-भात जड झाला, ही कारणं आपल्याकडे पटकन निघतात आणि तिथेच घात होतो. डोकं दुखू लागल्यावर लिटरभर पाणी, एक पॅरासिटामॉल आणि दोन तास स्वस्थ बसणं. थांबलं तर ठीक. न थांबल्यास त्या रात्री त्याहून वर झोपायचं नाही. विश्रांती घेऊनही वाढत गेलं तर खाली.

धोकादायक प्रकार दोन, मेंदूला सूज आणि फुप्फुसात पाणी. मेंदूच्या सुजेची पहिली खूण चालण्यात दिसते. संशय आला की त्या माणसाला अंगणात तीन-चार मीटर सरळ रेषेत चालवा, पोरं खेळात पावलांनी जागा मोजतात तसं, एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत. तोल गेला, पाय फाकले, हात पसरायला लागले, तर तो माणूस कितीही 'मी बरा आहे' म्हणू दे, त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. असंबद्ध बोलणं, गोंधळलेलं असणं, जाकिटाची चेन लावता न येणं, याही त्याच खुणा. फुप्फुसाच्या बाबतीत बसल्या जागी धाप लागते, ओला खोकला येतो, ओठ-नखं निळसर होतात, पुढे फेस येतो. दोन्हींत उपचार एकच, उतरणं. किमान ५०० ते १,००० मीटर, लगेच, रात्र असली तरी, आणि सोबत कुणीतरी धडधाकट माणूस घेऊन. सकाळ होऊ दे, मग बघू, या विचाराने माणसं दगावलेली आहेत.

फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदत केंद्र आहे, १९७३ पासून. हंगामात तिथे डॉक्टर असतात आणि उंचीच्या त्रासावर रोज दुपारी माहितीही देतात. खुम्जुंगशेजारी कुंदे गावात १९६६ साली एडमंड हिलरींच्या पुढाकाराने बांधलेला दवाखाना आहे. आजारी माणसाला कुठे न्यायचं, याची ही दोन उत्तरं पाठ असू द्या.

डायमॉक्स, म्हणजे अॅसिटाझोलामाइड, याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. घेतली तर लक्षणं झाकली जातात, हे खरं नाही. ती श्वास वाढवून सवय होण्याची क्रियाच जलद करते. घेतली म्हणजे वाटेल तसं चढावं, हेही खरं नाही. प्रतिबंधासाठी प्रौढांचा नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोड्याचं पेय बेचव लागतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. घरी असतानाच दोन दिवस घेऊन बघा, म्हणजे गोळी सोसते की नाही हे लुक्ल्याला कळायची वेळ येत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर अजिबात नको, दोन्हींनी रात्रीचा श्वास मंदावतो.

रात्रीच्या श्वासाची एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. लोबुचे-गोरक्षेपला झोपलेल्या माणसाचा श्वास भराभर चालतो, मग उथळ होत जातो आणि काही सेकंद चक्क थांबतो. मग मोठा आवंढा गिळल्यासारखा श्वास येतो आणि माणूस दचकून उठून बसतो. शेजारच्या पलंगावरून ऐकणाऱ्याची झोप उडते ती वेगळीच. उंचीवर हे जवळपास सगळ्यांना होतं आणि त्याने अपाय होत नाही. डायमॉक्सने ते कमी होतं.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हल्ली सगळेच नेतात. गोरक्षेपला ८० च्या आसपासचा आकडा सामान्य आहे. घरच्या ९८ शी तुलना करून रडू नका. गार बोटावर यंत्र भलताच आकडा दाखवतं, म्हणून हात पाच मिनिटं काखेत ऊबवून, बसून, आकडा स्थिर झाल्यावर वाचा. आणि आकड्यापेक्षा माणसाकडे बघा: जेवतोय का, बोलतोय का, नीट चालतोय का.

खाणं, पाणी, थंडी

पाणी दिवसाला तीन ते चार लिटर, सूप-चहा धरून. लघवी फिकट पिवळी राहिली म्हणजे पुरेसं. त्यापलीकडे ढोसत राहून उपयोग नाही. बाटलीबंद पाणी घेऊन प्लास्टिक मागे ठेवण्यापेक्षा लॉजमधलं उकळलेलं पाणी घ्या किंवा नळाच्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाका. पाकिटावर ३० मिनिटं लिहिलेलं असतं, पण बर्फासारख्या गार पाण्यात ती तेवढ्या वेळात काम करत नाही, तासभर थांबा.

चार हजारांवर भूक मरते, आणि पोटात काही नसलं की थंडी दुप्पट वाजते. दाल-भात घ्या: ताजा शिजतो, भात-डाळ-भाजी पुन्हा वाढतात आणि मेन्यूतल्या पिझ्झ्यापेक्षा लवकर येतो. मांस नामचेच्या वर टाळलेलंच बरं. खुम्बूत, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या या भागात, कत्तल करत नाहीत, मांस खालून पाठीवर येतं आणि किती दिवसांचं आहे ते सांगता येत नाही. घरून नेण्याजोगं म्हणजे मेतकूट, कोरडी लसणाची चटणी आणि लिंबाचं लोणचं. नुसत्या भातावर मेतकूट-तूप घातलं की तोंडाला चव येते आणि चार घास जातात. चालताना खायला राजगिऱ्याचे लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की, पण चिक्कीचे आधीच बारीक तुकडे करा. थंडीत ती दगड होते आणि दाताचं भरण निघतं.

लॉजची खोली म्हणजे प्लायवूडच्या भिंती, दोन पलंग आणि एक रजई. शेकोटी फक्त जेवणघरात, मधोमध ठेवलेली लोखंडी भट्टी, संध्याकाळी पाचच्या सुमारास शेणी घालून पेटवतात. जेवणं आटोपली की ती विझत जाते. त्यामुळे उणे १० ते उणे १५ अंशांची स्लीपिंग बॅग हवीच. काठमांडूच्या ठमेलमध्ये भाड्याने मिळते, घेताना चेन पूर्ण वर-खाली करून बघा. जेवणघरातून निघताना जाड बाटलीत उकळतं पाणी भरून, मोज्यात घालून पायाशी ठेवा. रात्री शेक मिळतो आणि सकाळी प्यायला न गोठलेलं पाणी. मोबाईल, पॉवर बँक, कॅमेऱ्याची बॅटरी आणि उद्याचे मोजेही स्लीपिंग बॅगच्या आतच. थंडीत बॅटरी ४० टक्क्यांवरून थेट बंद पडते. पहाटे शौचालयात सांडलेल्या पाण्याचा बर्फ झालेला असतो, हेडलॅम्प लावूनच जा आणि टॉयलेट पेपर स्वतःचा ठेवा, पिंपातलं पाणी गोठलेलं असतं.

कपड्यांत सुती बनियन-मोजे काहीच नको, घाम धरून ठेवतात. आत घाम बाहेर टाकणारा थर, त्यावर फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. पिसांचं जॅकेट थांबल्यावर आणि पहाटे. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे आणि किमान ५० किलोमीटर चालून मुरवलेले. निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं सरळ कापा. उतरताना बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात, ती बऱ्याचदा वाढलेल्या नखांमुळे. तोंड-नाक झाकायला बफ, म्हणजे नळीसारखा रुमाल, दिवसभर गळ्यात. कोरड्या थंड हवेने होणारा खुम्बू खोकला इतका वाईट असतो की बरगड्या दुखतात, आणि एकदा लागला की उतरेपर्यंत जात नाही.

पोर्टर साधारण दोन जणांमागे एक असतो. म्हणजे तुमची डफल बॅग १० ते १२ किलोंच्या आत हवी. लुक्ल्याच्या विमानातही सगळं मिळून १५ किलोच्या आसपासच परवानगी असते, त्यामुळे घरीच वजनकाट्यावर ठेवा. आणि पोर्टरच्या पायात धड बूट आहेत का, त्याचा विमा उतरवला आहे का, हे आयोजकाला विचारा. आपलं ओझं वाहणाऱ्या माणसाची एवढी चौकशी आपण केलीच पाहिजे.

कधी जावं

दिवाळीची सुट्टी आणि हिमालयातला सगळ्यात स्वच्छ महिना एकाच वेळी येतात, हे आपलं भाग्य. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश धुतल्यासारखं असतं. गर्दीही तितकीच, लॉज आधी ठरवून ठेवा. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारनंतर ढग येतात, खाली धूसर असतं, पण बेस कॅम्पवर गिर्यारोहकांचे पिवळे-केशरी तंबू असतात. ऑक्टोबरमध्ये तिथे तंबूंचं गाव नसतं. दगड, पताका, शेजारी खुम्बू हिमनदी. हे आधी माहीत नसलं की माणसं हिरमुसतात. त्याहून मोठा हिरमोड म्हणजे बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखरच दिसत नाही, पश्चिमेकडची धार आणि नुप्त्से आड येतात. शिखर बघायला काला पत्थर, ५,५४५ मीटर. सगळे पहाटे जातात, कारण आकाश हमखास मोकळं असतं. मात्र सूर्य एव्हरेस्टच्या मागून उगवतो, त्यामुळे फोटोत शिखर काळं येतं. सोनेरी उजेड संध्याकाळी पडतो. दुपारी ढग नसतील आणि अंगात ताकद असेल, तर बेस कॅम्प दुसऱ्या दिवशी सकाळवर ढकलून काला पत्थर संध्याकाळी करा, उतरायला हेडलॅम्प घेऊन.

कागदपत्रं थोडी. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. प्रौढांनी आधार कार्डावर विसंबू नये. परवाने दोन, स्थानिक गाउँपालिकेचा आणि सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा. उद्यानाचा सार्क देशांच्या नागरिकांना इतर परदेशी लोकांपेक्षा निम्म्या दरात मिळतो, तेव्हा ओळखपत्र दाखवून तोच दर लावून घ्या. एटीएम नामचेच्या वर नाही. विम्याच्या कागदावर 'ट्रेकिंग' शब्द, ६,००० मीटरपर्यंतची उंची आणि हेलिकॉप्टरचा खर्च, या तीन गोष्टी छापलेल्या आहेत का ते वाचा; साध्या प्रवासविम्यात त्या नसतात.

राहिलं लुक्ल्याचं विमान. धावपट्टी ५२७ मीटरची आणि चढणीची, एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला डोंगर. विमान एकाच बाजूने उतरतं आणि त्याच बाजूने उडतं, तेही डोळ्यांना दिसत असेल तरच. दुपारपर्यंत वारा आणि ढग येतात, म्हणून पहिल्या फेऱ्यांतलं तिकीट घ्या. गर्दीच्या हंगामात ही विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथलीहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री काठमांडूहून निघून चार-पाच तास गाडीत. एक दिवस हवा बिघडली की त्या दिवसाचे सगळे प्रवासी दुसऱ्या दिवशीच्या प्रवाशांच्या मागे रांगेत लागतात, आणि तुंबलेली रांग सुटायला दोन-तीन दिवस जातात. साल्लेरीमार्गे जीपने जाऊन पुढे चालत लुक्ल्याकडे पोचायचा रस्ता आहे, दिवस जादा लागतात, पण चढण सावकाश होते आणि विमानावर अवलंबून राहावं लागत नाही. विमानानेच जाणार असाल तर लुक्ल्याहून परतायची तारीख आणि काठमांडूहून घरचं विमान यांच्यात किमान दोन दिवस मोकळे ठेवा. ते उरले तर एक भक्तपूरला द्या, एक पाटणला.